माशांच्या टाकीतलं मॉस हिरवं राहण्यासाठी

नवीन मॉस आठ-पंधरा दिवसांत तपकिरी पडलं तर लगेच टाकून देऊ नका. बरंचसं मॉस पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेलं असतं. पाण्यात गेलं की ते जुनी पानं सोडतं आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत पोपटी टोकं काढतं. तेवढे दिवस धीर धरा.

आपल्याकडे मॉसलाही शेवाळ म्हणतात आणि काचेवरच्या हिरव्या थरालाही. घोटाळा इथूनच सुरू होतो. भिंगातून बघा: मॉसच्या दांडीला बारीक पानं असतात. शेवाळाचा नुसता तंतू असतो, बोटाला बुळबुळीत लागतो. खानापूर भागात पावसाळ्यात जांभ्याच्या गडग्यांवर मखमलीसारखं मॉस येतं, ते मात्र आणून टाकीत सोडू नका. जमिनीवरचं ते, बुडालं की सहसा सडतं.

मॉसला खरी मुळं नसतात. ते पानांनीच पाण्यातून अन्न घेतं, म्हणून वाळूत खताच्या गोळ्या पुरून त्याला काही मिळत नाही. दगडावर किंवा लाकडावर बसवताना पातळ पसरा, खालचा दगड मधूनमधून दिसला पाहिजे. जाड गोळा बांधला की आतल्या भागाला उजेडही नाही आणि वाहतं पाणीही नाही. तो आतून कुजतो आणि एक दिवस अख्खा सुटून वर तरंगतो. ख्रिसमस मॉस दगड चांगला धरतं, त्याला शिवणाचा सुती दोरा पुरतो. जावा मॉसची पकड कच्ची, सुती दोरा कुजला की ते सुटतं, म्हणून नायलॉनचा बारीक दोरा वापरा.

सगळ्यात जास्त मॉस खराब होतं ते गाळाने. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, सगळं त्या जाळीत अडकतं. झुबका हलवून बघा, ओल्या चहापुडीसारखा गाळ उडाला तर सफाई राहिली आहे. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलताना काढलेलं पाणी बादलीत ठेवा आणि दगडासकट मॉस त्यात हलकेच खळबळून घ्या. महिन्या-दीड महिन्याने कात्रीने छाटा, फिल्टर बंद करून, आणि तुकडे जाळीने लगेच उचला. राहिलेला तुकडा जाईल तिथे रुजतो. लाइट रोज सहा ते आठ तास, टायमर लावून. त्यापेक्षा जास्त उजेडाचा फायदा शेवाळालाच होतो.

बेळगावची थंडी मॉसला मानवते. त्रास एप्रिल-मेमध्ये. 22 ते 26 अंश उत्तम, 30 च्या वर बरेच दिवस राहिलं की वाढ विरळ होते आणि टोकं करपतात. झाकण काढून छोटा पंखा पाण्यावर वारा लागेल असा ठेवा, दोन-तीन अंश उतरतात. मात्र पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, म्हणून भर घालताना बोअरचं पाणी नको. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं शुद्ध पाणी घाला, आरओचं वाया जाणारं पाणी कधीच नाही. बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर धरत असेल तर जावा मॉसच घ्या, ते जड पाणी सोसतं. नळाच्या पाण्याला आधी अँटीक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) घाला, बाटलीवर दिलेल्या मापाने.

शेवाळ मारायची औषधं आणि लिक्विड कार्बन (पाणवनस्पतींना कार्बन म्हणून पाण्यात घालायचं द्रव) जपून. त्यातल्या ग्लुटाराल्डिहाइडने मॉस विरघळल्यासारखं होतं. तंतू शेवाळ जुन्या टूथब्रशला गुंडाळून ओढून काढा आणि लाइट रोज दोन तास कमी लावा. अमानो झिंगे उरलेलं खातात, पण झिंगे असलेल्या टाकीत तांब्याचं औषध घालू नका, झिंगे मरतात.

तरी काही कळलं नाही तर एक झुबका टाकीच्याच पाण्यात बुडवून डबीत आमच्याकडे घेऊन या. कागदात गुंडाळून वाळलेल्या मॉसवरून काही सांगता येत नाही.