आधी पाणी, मग केबिन: स्वावलंबी वाडीच्या आराखड्यामागचा इतिहास

जमिनीचा एखादा तुकडा घ्यायचा, त्यावर छोटी केबिन बांधायची आणि विजेच्या तारांवाचून, नळजोडणीवाचून राहायचं, अशी स्वावलंबी वाडी करायचं मनात घेणारी बहुतेक माणसं कागदावर पहिली रेघ मारतात ती केबिनचीच. किती फूट बाय किती, पोटमाळा काढायचा का, खिडकी कुठल्या दिशेला. स्वप्न डोळ्यांपुढे येतं तेच मुळी घराच्या रूपात, त्यामुळे हे साहजिक आहे. पण या कल्पनेला पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो नीट पाहिला की आराखड्याचा क्रम उलटा करावासा वाटतो. पाणी कुठून येणार आणि बाहेरून काय काय आणावं लागणार, हे दोन प्रश्न ज्यांनी आधी सोडवले त्यांचं बस्तान बसलं. बाकीच्यांच्या केबिन उभ्या राहिल्या, पण त्यांत राहायला फार काळ कोणी उरलं नाही.

सुरुवात अमेरिकन लेखक थोरोपासून करावी लागते. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावाजवळ, वॉल्डन तळ्याच्या काठी हेन्री डेव्हिड थोरो ४ जुलै १८४५ रोजी राहायला गेला. केबिन दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब. तिचा खर्च त्याने अर्ध्या सेंटापर्यंत लिहून ठेवला: २८ डॉलर साडेबारा सेंट. रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची झोपडी विकत घेऊन, मोडून तिच्या फळ्या त्याने वापरल्या. हजार विटा, त्याही जुन्या. काचेसकट दोन खिडक्या, आधी कुणीतरी वापरलेल्या. कुऱ्हाड उसनी आणलेली, आणि जमीन मित्राची, राल्फ वाल्डो इमर्सनची. सुमारे अडीच एकरांत त्याने मुख्यतः घेवडा लावला; खर्च वजा जाता हातात उरले ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. तो गावात जायचा, आईकडे जेवायचा, यावरून आजही त्याला नावं ठेवणारे आहेत. मला ती टीका अन्यायाची वाटते. काय घरचं, काय बाहेरचं आणि काय उसनं, हे त्याने लपवलं नाही. वाडीचा आराखडा करणाऱ्याला त्याच्या चिंतनाइतकाच त्याचा हा जमाखर्च उपयोगी आहे.

थोरोचा प्रयोग एकट्याचा होता आणि दोन वर्षं दोन महिने चालला. लाखो लोकांना या वाटेवर आणलं ते एका कायद्याने. २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. त्यानुसार कुटुंबप्रमुखाला किंवा एकवीस वर्षांवरच्या व्यक्तीला १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळे. फक्त किरकोळ शुल्क भरावं लागे. अविवाहित स्त्रिया, विधवा आणि नागरिकत्वाचा इरादा जाहीर केलेले स्थलांतरितही अर्ज करू शकत. अटी दोन: जमिनीवर घर बांधून पाच वर्षं राहायचं आणि जमीन कसायची. या कायद्याखाली शेवटी सुमारे १६ लाख दावे मंजूर झाले आणि २७ कोटी एकर जमीन वाटली गेली, म्हणजे अमेरिकेच्या एकूण भूभागाचा साधारण दहावा हिस्सा. ही जमीन रिकामी नव्हती. तिथल्या मूळ रहिवाशांना करारांनी, करारभंगांनी आणि बळजबरीने हटवून ती ‘सरकारी’ झाली होती. स्वावलंबनाच्या या इतिहासाचा पायाच असा आहे, आणि तो सांगताना हे गाळणं प्रामाणिकपणाचं होणार नाही.

कायद्याने घराची अट घातली, पण पाणी आहे की नाही हे विचारलं नाही. जमीन मोजून चौकोनी तुकडे पाडले होते. एका चौकोनातून ओढा जायचा, शेजारच्या चारांत थेंब नसायचा. झाडं नसलेल्या गवताळ मैदानावर लोकांनी गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली माती नांगराने पट्ट्यांत कापली आणि विटांसारखी रचून घरं बांधली. भिंती दोन-अडीच फूट जाड. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पावसात मात्र छत गळायचं, आणि पाऊस थांबल्यावरही कितीतरी वेळ चिखलाचं पाणी आत टपकत राहायचं. तरीही घराचा प्रश्न माणसांनी सोडवला होता. त्यांना हरवलं ते पाण्याने.

जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने हे आधीच सांगून ठेवलं होतं. कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यन पार करणारा, युद्धात एक हात गमावलेला हा माणूस. कोरड्या प्रदेशावरचा त्याचा अहवाल १८७८ साली आला. त्याचं म्हणणं असं: वर्षाला वीस इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५०० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तिथे निव्वळ पावसावर शेतीचा भरवसा धरता येत नाही. अशा ठिकाणी १६० एकर हा आकडाच चुकीचा आहे. बागायतीला ८० एकर पुष्कळ झाले आणि चराईला २,५६० एकर लागतील. तुकडे चौकोनी न पाडता ओढ्यानाल्यांना धरून पाडावेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाणी येईल, आणि पाटाचं पाणी शेजाऱ्यांनी मिळून सांभाळावं. नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो, असं तेव्हा ठासून सांगितलं जात होतं आणि लोकांना ते खरं वाटायला हवंच होतं. १८९३ साली लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत सगळ्या जमिनीला पुरेल एवढं पाणी नाही, असं पॉवेलने सांगितलं तेव्हा सभेने त्याची हुर्यो उडवली. पुढे १९०९ मध्ये कोरडवाहू भागासाठी मर्यादा ३२० एकरांवर नेली गेली, पण पाण्याचा मुद्दा तसाच राहिला. १९३०च्या दशकात दुष्काळ आला, उघडी पडलेली माती वाऱ्याने उडाली आणि हजारो कुटुंबांनी घरं सोडली.

पॉवेलची शिकवण आजच्या छोट्या केबिनला कशी लागू पडते, ते आकड्यांत पाहू. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. केबिनचं छत ४० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर धरला तर कागदावर ३२,००० लिटर होतात. पहिल्या सरींचं घाण पाणी सोडून देणं, बाष्पीभवन, पन्हळीबाहेर सांडणं असा पाचवा हिस्सा वजा केला तर उरतात २५,६००. दोन माणसं रोज प्रत्येकी ५० लिटर वापरत असतील तर वर्षाला ३६,५०० लिटर हवेत. अजून भाजीपाल्याचा थेंबही धरलेला नाही. म्हणजे दुसरा स्रोत हवा, किंवा वापर कमी करायला हवा, किंवा अवजारांच्या शेडचं छपरही पाणी गोळा करायला जोडायला हवं. चार महिने कोरडे जाणार असतील तर नुसत्या घरवापरासाठी १२,००० लिटरची टाकी लागते, आणि भरलेली टाकी बारा टन वजनाची असते. ती कुठे बसवायची हे ठरल्याशिवाय केबिनची जागा ठरवता येत नाही, कारण टाकी थोडी उंचावर असली तर पंपच लागत नाही.

विसाव्या शतकात या कल्पनेला दुसरं वळण मिळालं. राल्फ बोर्सोदी १९२० मध्ये कुटुंबासह न्यूयॉर्क शहर सोडून जवळच्या ग्रामीण भागात गेला. यंत्रांशी त्याचं वैर नव्हतं. छोटी विजेची मोटर, शिवणयंत्र, घरगुती चक्की यांमुळे कितीतरी वस्तू कारखान्यापेक्षा घरी स्वस्त पडतात, कारण वाहतूक, जाहिरात आणि दलाली वाचते, हा त्याचा मुद्दा होता. महामंदीत सरकारनेही ही कल्पना उचलली आणि १९३३ मध्ये निर्वाह-वाड्यांसाठी अडीच कोटी डॉलरची तरतूद झाली. पहिली वसाहत वेस्ट व्हर्जिनियातली आर्थरडेल, बेकार खाणकामगारांसाठी. तिथे घाईघाईने ५० तयार घरं मागवली गेली. ती आली तेव्हा आधी घातलेल्या पायांवर बसेनात. शिवाय ती उन्हाळी सहलीच्या घरांसारखी हलकी, डोंगराळ हिवाळ्यात निरुपयोगी. पुन्हा पैसा ओतून ती दुरुस्त करावी लागली. त्याहून मोठा प्रश्न रोख उत्पन्नाचा होता. भाजी, कोंबड्या, गाय सगळं झालं, पण कर, औषध, बूट यांसाठी पैसा लागतो आणि त्यासाठी आणलेले कारखाने टिकले नाहीत.

रोख पैशाची ही बाजू स्कॉट आणि हेलन निअरिंग यांनी नीट ओळखली. १९३२ मध्ये ते व्हरमाँटमधल्या एका पडीक शेतावर गेले. दहा वर्षांची योजना लिहून काढली, दगडी घरं स्वतः बांधली, स्वतःपुरता भाजीपाला पिकवला आणि मेपल झाडाच्या रसाचा पाक विकून वर्षाचा रोख खर्च भागवला. गरज भागेल एवढा पैसा आला की थांबायचं, हा त्यांचा नियम. चार तास पोटापाण्याचं काम, चार तास आवडीचा व्यासंग, चार तास लोकांसाठी, अशी दिवसाची वाटणी. १९५२ मध्ये ते मेन राज्यात गेले आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सगळं उभं केलं. त्यांची शिस्त कुणाला कडक वाटेल, पण वर्षाचा रोख खर्च आधी लिहून काढायचा आणि मग तो भागवणारं एकच उत्पन्न शोधायचं, ही त्यांची पद्धत मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते.

ऑस्ट्रेलियात पी. ए. योमन्स या शेतकरी-अभियंत्याने १९५०च्या दशकात शेताच्या नियोजनासाठी एक उतरंड मांडली. जे बदलणं सर्वांत अवघड त्याचा विचार सर्वांत आधी: हवामान, जमिनीचा उतार, पाणी, रस्ते, झाडं, मग इमारती, नंतर कुंपणं आणि शेवटी माती, कारण ती माणसाला सुधारता येते. या यादीत घर सहावं आहे! १९७८ मध्ये टास्मानियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी पर्माकल्चर ही टिकाऊ शेती-वस्तीच्या नियोजनाची पद्धत मांडली, त्यात हा विचार पुढे आला. रोज हात लागतो ते दाराजवळ, वर्षातून एकदा लागतं ते लांब, ही त्यातली मांडणी आज जवळजवळ प्रत्येक वाडीच्या नकाशात दिसते.

आता वीज. अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहांतल्या नऊ शेतघरांना वीज नव्हती, म्हणजे ती सगळीच ग्रिडबाहेर होती. काहींनी स्वतःची सोय केली होती. मोंटानाच्या जेकब्स बंधूंनी तीन पात्यांची पवनचक्की विकसित केली. ती ३२ व्होल्टची वीज काचेच्या भांड्यांतल्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांत भरायची, आणि त्यावर दिवे, रेडिओ, कपडे धुण्याचं यंत्र चालायचं. १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाची संस्था स्थापन झाली, तारा शेतांपर्यंत आल्या आणि पवनचक्क्या गंजू लागल्या. १९७३च्या तेलसंकटानंतर शहरं सोडून गेलेल्या तरुणांनी त्याच जुन्या चक्क्या गोठ्यांतून शोधून काढल्या, उघडून साफ केल्या आणि पुन्हा उभ्या केल्या.

सौर घटाची गोष्ट समांतर चालली. बेल लॅब्सने १९५४ मध्ये सिलिकॉनचा पहिला कामाचा घट दाखवला, सुमारे सहा टक्के कार्यक्षमतेचा. १९५८ मध्ये तो व्हॅनगार्ड उपग्रहावर बसून अवकाशात गेला. घराच्या छतावर यायला त्याला आणखी वीस वर्षं लागली, आणि सुरुवातीचे बरेच ग्राहक उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत तारांपासून दूर राहणारे लोकच होते. गेल्या दशकात, २०१० ते २०२०, पॅनलच्या किमती सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरल्या. त्यामुळे आता पॅनल ही अडचण राहिलेली नाही. हिशेब अडतो साठवणुकीवर. रोज दोन युनिट वीज लागते आणि तीन ढगाळ दिवस काढायचे आहेत असं धरलं तर सहा युनिटांचा साठा हवा. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली की लवकर मरते, म्हणून ती बारा युनिटांची घ्यावी लागते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीतून ऐंशी टक्के वापरता येतात, म्हणजे साडेसातची पुरते. पण दीड हजार वॉटचा एक हीटर पाच तास चालवला की साडेसात युनिटं गेली. म्हणून ऊब लाकडावर आणि जाड भिंतींवर, पाणी तापवणं सूर्यावर, आणि वीज फक्त दिवे, फ्रिज, पंप, फोन यांना, अशी वाटणी अनुभवी लोक करतात. आकडे काढताना वर्षाची सरासरी न धरता सर्वांत कमी उन्हाचा महिना धरावा.

संडासाचा विषय लोक टाळतात. इंग्लंडच्या हेन्री मूल या धर्मोपदेशकाने १८६० मध्ये कोरड्या मातीच्या संडासाचं पेटंट घेतलं आणि स्वीडनमध्ये १९३९ साली रिकार्ड लिंडस्ट्रॉमने घराखाली खत करणारी मोठी टाकी बांधली. पाण्याच्या वरच्या हिशेबात फ्लश बसत नाही, म्हणून हे दोन शोध महत्त्वाचे.

फुकट जमिनीचं पर्व १९७६ मध्ये संपलं. अलास्कात ते आणखी दहा वर्षं चाललं. त्याच अलास्कात रिचर्ड प्रोनेकीने १९६८ मध्ये ट्विन लेक्सच्या काठी हातअवजारांनी ओंडक्यांची केबिन बांधली. हत्यारांची नुसती पाती नेऊन दांडे त्याने तिथेच तासले. तो जवळजवळ तीस वर्षं तिथे राहिला, आणि त्याचं पीठ, साखर आणि पत्रं छोट्या विमानाने येत राहिली. आज या वाटेला लागणाऱ्यापुढे प्रोनेकीला न लागलेले अडथळे आहेत: जमिनीचा वापर कशासाठी करता येईल, विहीर खणता येईल का, सांडपाणी कसं जिरवणार, किमान किती मोठं घर बांधावंच लागेल. अमेरिकेच्या नमुना बांधकाम संहितेत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या छोट्या घरांसाठी वेगळं परिशिष्ट आलं ते २०१८च्या आवृत्तीत, आणि तेही स्थानिक प्रशासनाने स्वीकारलं तरच लागू होतं. म्हणून खरेदीखतावर सही करण्याआधी तिथल्या बांधकाम आणि आरोग्य खात्याकडे जाऊन सांडपाण्याची आणि पाण्याची परवानगी कोणत्या अटींवर मिळते, ते लेखी घेऊन यावं.