‘टेबल वाईन’ म्हणजे हलकी वाईन?

इटलीच्या बाटलीवर ‘विनो दा ताव्होला’, म्हणजे टेबल वाईन, असं छापलेलं असलं की ती हलक्या दर्जाची, हा समज फार जुना आहे. सास्सिकाया या एकाच वाईनने तो खोटा ठरतो.

टस्कनीच्या किनाऱ्याजवळ बोल्गेरी नावाचं गाव आहे. तिथे मारिओ इंचिसा देल्ला रोक्केत्ता यांनी 1940च्या दशकात काबेर्ने सोविन्यों या द्राक्षाची लागवड केली. त्या भागात तेव्हा उत्तम रेड वाईन होईल असं कुणाला वाटत नव्हतं. पण जमीन खडकाळ, गोट्यांची होती. ‘सास्सिकाया’चा अर्थच दगडगोट्यांची जागा. अशा जमिनीत पाणी साचत नाही, वेल माजत नाही. फ्रान्समधल्या बोर्दो या वाईनसाठी प्रसिद्ध प्रदेशातल्या ग्राव्ह भागाची जमीनही अशीच गोट्यांची, आणि मारिओंना नेमकं हेच साम्य हेरता आलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

1968चं पीक पहिल्यांदा बाजारात आलं, तेही टेबल वाईन म्हणूनच. कारण दर्जा नव्हे, नियम! प्रदेशाच्या नावाने वाईन विकायला सरकारी मानांकन लागे, ते नसेल तर ती टेबल वाईनच. बोल्गेरीला 1983 मध्ये ते मिळालं, पण फक्त व्हाइट आणि रोझे म्हणजे गुलाबी वाईनसाठी. रेडला 1994 पर्यंत थांबावं लागलं. गाजलेलं 1985चं सास्सिकायाही त्यामुळे कागदोपत्री टेबल वाईनच आहे.