‘निरंक’चा अर्थ काय? पशुरोगांवरच्या पाळतीची पार्श्वभूमी

जनावरांच्या दवाखान्यातल्या मासिक तक्त्यात गावांची नावं उभी असतात आणि रोगांची आडवी: घटसर्प, फऱ्या, काळपुळी, लाळ्या खुरकूत. बहुतेक रकान्यांत एकच शब्द दिसतो, निरंक, म्हणजे नोंद शून्य. त्याचे अर्थ मात्र चार निघतात. रोग नव्हता. रोग होता, पण मालकाने कळवला नाही. कळवला, पण नमुना पुढे गेलाच नाही. किंवा त्या महिन्यात तिथलं पदच रिकामं होतं. नागपूर जिल्ह्यातली पाळतीची व्यवस्था जोखायची तर समोरचं निरंक यातलं कोणतं, हे आधी ठरवावं लागतं.

बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या साथरोगाच्या काळात हे ठरवलेलं होतं. देशात तिचा शेवटचा उद्रेक १९९५ चा. त्यानंतरचं काम जास्त अवघड होतं, कारण रोग उरलेला नाही हे सिद्ध करायचं होतं. लस टोचलेल्या जनावराच्या रक्तात प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) सापडतातच, त्यामुळे ती लसीची की रोगाची हे कळेना. म्हणून लस थांबवली आणि गावोगाव शोध सुरू ठेवला. डोळ्यांतून पाणी, तोंडात व्रण आणि हगवण असं जनावर दिसलं की ते संशयित धरायचं, नमुना घ्यायचा. माझ्या मते त्या मोहिमेतला सगळ्यात शहाणा नियम हा, की जिथून संशयितच कळवले जात नाहीत तिथल्या शोधावरच शंका घ्यायची. २००६ मध्ये देश बुळकांडीमुक्त ठरला, २०११ मध्ये सगळं जग. त्या निरंकाला वजन होतं, कारण त्यामागे पायपीट होती.

पुढे घोळ झाला तो शब्दाचा, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. सरकारी मराठीत ‘सर्वेक्षण’ दोन कामांना म्हणतात. एकदा जाऊन मोजून येणं हेही सर्वेक्षण, आणि कायम नजर ठेवून काही आढळताच हालचाल करणं हेही सर्वेक्षण. पहिल्याचा हिशोब नमुन्यांच्या संख्येत होतो. दुसऱ्याचा दिवसांत व्हायला हवा: पहिली गाय आजारी पडल्यापासून दवाखान्यात फोन किती दिवसांनी आला, फोनपासून नमुना, नमुन्यापासून निकाल, निकालापासून टोचणी. एकच शब्द असल्याने दुसऱ्या कामाला पहिल्याची फूटपट्टी लागते. उद्दिष्टापेक्षा जास्त नमुने गोळा केले की व्यवस्था उत्तम ठरते, मग साथ तीन आठवडे उशिरा का कळेना. ‘पाळत’ हा शब्द पोलिसी वाटतो म्हणून अनेकांना नको असतो. मला तोच बरोबर वाटतो, कारण पाळत एकदा ठेवून संपत नाही.

लंपी या गुरांच्या गाठींच्या त्वचारोगाने हे उघड केलं. देशात ती २०१९ मध्ये ओडिशात दिसली, २०२० मध्ये गडचिरोली जिल्ह्यात आली आणि २०२२ मध्ये राज्यभर पसरली. अंगभर सुपारीएवढ्या गाठी, सुजलेले पाय, वैरणीकडे फिरवलेलं तोंड: हे ओळखायला गोठ्यातल्या माणसाला प्रयोगशाळा लागत नाही. त्याने कळवायचं की नाही, एवढाच प्रश्न असतो. २०२२ मध्ये गुरांचे बाजार बंद झाले तेव्हा कळवण्याची भीती होती. मग दगावलेल्या जनावरांसाठी मदत जाहीर झाली, दुधाळ गायीला ३०,००० रुपये, बैलाला २५,०००, वासराला १६,०००, आणि कळवायला कारण मिळालं. म्हणून २०२० आणि २०२२ चे मृत्यूंचे आकडे शेजारी ठेवून पाळत सुधारली किंवा बिघडली असं म्हणणं मला पटत नाही. मधे पैसा आला, ही माहिती त्या आकड्यांसोबतच द्यायला हवी.

बर्ड फ्लूचं उदाहरण घरचंच आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला तो कोंबड्यांत, आणि त्यावरची पाळत पोल्ट्रीभोवती बांधली गेली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये निदान आलं, एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू. वाघ चंद्रपूरकडून आणलेले होते. आता व्यवस्थेची हद्द कुठवर धरायची? पशुसंवर्धनाच्या तक्त्यात वाघाला रकाना नाही, वनखात्याच्या नोंदीत कोंबडीला नाही. त्याच आठवड्यात जंगलालगतच्या गावात परसातल्या चार कोंबड्या मेल्या असत्या, तर त्यांची नोंद आणि वाघांची नोंद दोन वेगळ्या कागदांवर, दोन वेगळ्या वाटांनी वर गेली असती.