लाकूडकामाचा राउटर घेताना फक्त आरपीएम बघू नका

राउटर म्हणजे लाकडाच्या कडा आणि खाचा कापायचं मशीन. ‘राउटर जितका जोरात फिरेल तितकी कड साफ निघते, म्हणून जास्त आरपीएमचाच (मिनिटाला जास्त फेरे घेणारा) घ्या,’ असं सर्रास सांगितलं जातं. लहान बिटपुरतं (बिट म्हणजे राउटरमध्ये बसवायचं, फिरून कापणारं पातं) ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण लाकूड कापते ती बिटची धार, आणि धारेचा वेग बिटच्या व्यासावरही ठरतो.

हिशोब घरीच करा: व्यास (मीटरमध्ये) गुणिले ३.१४ गुणिले आरपीएम, भागिले ६०. २४,००० आरपीएमवर १२ मिमी बिटची धार सेकंदाला साधारण १५ मीटर धावते. त्याच वेगावर ७५ मिमी बिटची धार ९४ मीटर, म्हणजे ताशी जवळपास ३४० किलोमीटर! ते सरळसरळ धोक्याचं आहे, शिवाय लाकूड करपतं ते वेगळंच. असा बिट १०,००० आरपीएमच्या आसपास आणि राउटर टेबलवरच (ज्याच्या खाली राउटर पक्का बसवलेला असतो) चालवावा. हातात धरून कधीच नाही. कमाल आरपीएम बिटच्या दांड्यावर किंवा पाकिटावर छापलेला असतो, तो वाचा.

म्हणून टेबलसाठी वेग कमी-जास्त करता येणारा, १२ मिमी कोलेटचा (बिटचा दांडा पकडणाऱ्या चिमटीचा) दणकट राउटर बघा. हातात धरून कडा मारायला ६ मिमी कोलेटचा हलका ट्रिमर (छोटा राउटर) पुरतो. दोन्ही कामं एकाच मशीनवर करायची असतील, तर वेगाचा डायल हवाच.