भूमिगत मनुष्य

भूमिगत मनुष्य : रशियन कादंबरीकार फ्यॉदर दस्तयेव्हस्की (१८२१–८१) याच्या ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’ (इं. शी.) या १८६४ मधील दीर्घकथेचा निनावी निवेदक आणि त्याच्यावरून रूढ झालेली साहित्यिक व तात्त्विक संकल्पना. पीटर्सबर्गमधला हा चाळिशीचा माणूस वारसाहक्काने थोडे पैसे मिळताच सरकारी नोकरी सोडून कोपऱ्यात जाऊन बसतो आणि ‘दोन दुणे चार’ या अटळ हिशेबाविरुद्ध बंड पुकारतो.

‘भूमिगत’ हा प्रतिशब्द पूर्ण समाधानकारक नाही. मराठी वाचकाला त्यावरून १९४२ ची चळवळ आठवते. मूळ रशियन शब्द ‘पोद्पोल्ये’ असा आहे. ‘पोल’ म्हणजे घराची जमीन आणि ‘पोद’ म्हणजे खाली. लाकडी घराच्या फळ्यांखालची, जिथे माणूस धड उभाही राहू शकत नाही अशी जागा त्यातून सुचते. निवेदक स्वतःची तुलना उंदराशी करतो, ती या अर्थाशी जुळते. ‘तळघर’ म्हटले की राहती खोली डोळ्यांसमोर येते, म्हणून तोही शब्द अपुराच. गुप्त राजकीय कार्य हा अर्थ रशियनमध्येही आहे, पण येथे तो अभिप्रेत नसावा.

ही कथा अस्तित्ववादाचा (माणूस स्वतःच्या निवडीतून स्वतःला घडवतो, असे मानणाऱ्या विचारसरणीचा) उगम मानावी काय, याविषयी मतभेद आहेत. तत्त्वज्ञ वॉल्टर काउफमान याने अस्तित्ववादी लेखनाच्या १९५६ च्या आपल्या संकलनाच्या आरंभी तिचा पहिला भाग घेतला, तेव्हापासून हे मत दृढ झाले. मात्र दस्तयेव्हस्कीला अस्तित्ववादी म्हणण्यास काउफमानने स्वतः नकार दिला होता, हे सहसा विसरले जाते. दस्तयेव्हस्कीचा चरित्रकार जोसेफ फ्रँक याच्या मते कथेचा रोख मुख्यतः रशियन लेखक चेर्निशेव्हस्कीच्या १८६३ मधील कादंबरीवर व तिच्यातील विवेकनिष्ठ स्वार्थवादावर (माणूस विवेकाने स्वतःचे हित ओळखून वागेल, या मतावर) आहे. हे मत अधिक ग्राह्य वाटते. दस्तयेव्हस्कीने भाऊ मिखाईल यास मार्च १८६४ मध्ये लिहिलेल्या पत्रातही या मताला आधार सापडतो : निवेदकाची निंदानालस्ती सेन्सॉरने राहू दिली, पण तिच्यातून श्रद्धेची व ख्रिस्ताची गरज जिथे निष्पन्न होत होती तो मजकूर कापला, अशी लेखकाची तक्रार आहे. पुढील आवृत्तीतही तो मजकूर परत आला नाही आणि मूळ हस्तलिखित उपलब्ध नाही. विसाव्या शतकाने वाचली ती अशी वाट बुजवलेली कथा, आणि तिच्यातील कोंडी हेच अनेकांना तिचे तत्त्वज्ञान वाटले.

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने ती १८८६-८७ च्या हिवाळ्यात नीस येथे एका फ्रेंच रूपांतरातून वाचली. त्या रूपांतरात दस्तयेव्हस्कीची एक जुनी, वेगळीच कथा तिला जोडलेली होती. त्याआधी काही आठवड्यांपर्यंत त्याला लेखकाचे नावही ठाऊक नव्हते, असे त्याच्या पत्रावरून दिसते. रशियन तत्त्वज्ञ लेव्ह शेस्तोव्हने १९०३ मध्ये दस्तयेव्हस्की व नीत्शे या दोघांचा एकत्र विचार केला. फ्रेंच लेखक काम्यू (१९४२) व सार्त्र (१९४५) यांनी मात्र दस्तयेव्हस्कीच्या उत्तरकालीन कादंबऱ्यांचा आधार घेतला.

अमेरिकन लेखक राल्फ एलिसनच्या १९५२ मधील कादंबरीत अमेरिकेतील कृष्णवर्णीय निवेदक तळघरातूनच बोलतो. मराठीत अस्तित्ववादाची चर्चा प्रामुख्याने भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ या कादंबरीच्या (१९६३) संदर्भात झाली.