सांगोवांगीचा पुरावा

दोन तरुण सील या समुद्री प्राण्याची शिकार करायला नदीवर जातात. तिथे लढाईला निघालेली काही माणसं भेटतात आणि दोघांतला एक त्यांच्याबरोबर जातो. लढाईत त्याला मार लागतो, पण दुखत काहीच नाही. ही माणसं नव्हेत, भुतं आहेत, असं त्याच्या मनात येतं. तो घरी येऊन सगळी हकीकत सांगतो. सूर्य उगवतो, तो कोसळतो, त्याच्या तोंडातून काहीतरी काळं बाहेर पडतं आणि तो मरतो.

उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची ही कथा केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी काही सुशिक्षित इंग्रज मंडळींना वाचायला दिली. मग थोड्या वेळाने, काही दिवसांनी, कुणाला काही महिन्यांनी ती आठवून लिहायला सांगितली. लिहिताना मूळ कथेतल्या होडक्याची साधी ‘बोट’ झाली. सीलची शिकार जाऊन मासेमारी आली. भुतांचा संबंध ज्यांना लागेना, त्यांच्या कथेतून भुतं गळून गेली. मुद्दाम कुणीच काही बदललं नव्हतं. आपण जसंच्या तसं लिहितोय, अशीच बहुतेकांची समजूत होती.

१९३२ साली बार्टलेट यांनी हे प्रयोग पुस्तकात मांडले ते स्मरणशक्तीबद्दल बोलण्यासाठी. लोककथांच्या अभ्यासकाला मात्र त्यात वेगळंच घबाड सापडतं. लोकसाहित्य हा संस्कृतीचा आरसा, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते फारसं पटत नाही, कारण एकाच कथेत अनेक काळांचे आणि अनेक प्रदेशांचे थर बसलेले असतात. सांगणारा ओळखू येतो तो बदलाच्या जागी: त्याने काय गाळलं, काय घातलं, कुठे अडखळून सारवासारव केली.

सारवासारवीचं उत्तम उदाहरण जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंचंच आहे. त्यांच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला. त्यात हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९च्या आवृत्तीत तिच्या जागी सावत्र आई आली. हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडून यायला लावणारी आईही पुढच्या एका आवृत्तीत सावत्र झाली. कथानक तेच राहिलं, पण सख्खी आई अशी वागू शकते हे एकोणिसाव्या शतकातल्या मध्यमवर्गीय जर्मन घरात मुलांना वाचून दाखवणं अवघड झालं होतं. फक्त शेवटची आवृत्ती हाती असती तर हा संकोच आपल्याला कळलाही नसता. पाठभेद, म्हणजे एकाच कथेची वेगवेगळी रूपं, जपून ठेवायचे ते यासाठी.

पाठभेदांवरून कथांची वंशावळही मांडता येते. जेमी तेहरानी या मानववंशशास्त्रज्ञाने २०१३ साली लाल टोपीवाल्या मुलीच्या आणि तिच्यासारख्या कथांची ५८ रूपं घेतली आणि प्राण्यांच्या जाती कशा फुटत गेल्या हे शोधण्याचं जीवशास्त्रातलं गणित त्यांना लावलं. आफ्रिकेतली रूपं लांडगा आणि करडांच्या कथेच्या कुळात गेली, तर पूर्व आशियातली रूपं हे कूळ आणि लाल टोपीवालीचं कूळ अशा दोन्हींच्या मिश्रणातून आलेली दिसली. याच पद्धतीने काही परीकथांचं वय हजारो वर्षं काढलं गेलंय. तिथे मी जरा हात राखून विश्वास ठेवतो. लेखी पुरावा नसताना आकड्याला अंदाजाइतकंच वजन द्यावं.

इतकं सगळं बदलत असेल, तर टिकतं काय? इंडोनेशियातल्या सिम्युलू बेटावर १९०७ साली त्सुनामी आली आणि पुष्कळ माणसं गेली. वाचलेल्यांनी त्या लाटेला ‘स्मोंग’ म्हटलं आणि तिची आठवण गोष्टींत नि गाण्यांत बांधली. त्यातला गाभा एवढाच: जमीन जोरात हादरली आणि समुद्र मागे हटला, तर सगळं टाकून डोंगरावर पळा. आजी-आजोबा हे नातवंडांना सांगत राहिले. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपाचं केंद्र या बेटापासून जवळच होतं, पहिली लाट काही मिनिटांतच येऊन धडकली. कुठलाही सरकारी इशारा पोचायला वेळच नव्हता. साधारण ७८ हजार वस्तीच्या बेटावर सात माणसं दगावली. त्याच दिवशी इंडोनेशियात एकूण दीड लाखांहून अधिक बळी गेले. तपशील माणसागणिक बदलले असतील, पण कथेचा कणा शाबूत राहिला, कारण त्यावर जीव अवलंबून होता.

जिवावर बेतणारं काही नसतानाही माणसं कथा का जपतात, याचा एक धागा फिलिपिन्समधल्या आग्टा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजात मिळतो. त्यांच्या एका कथेत सूर्य आणि चंद्र आकाश कुणी उजळायचं यावरून भांडतात. भांडणात चंद्रही सूर्याइतकीच बलवान ठरते (हो, त्यांच्याकडे चंद्र ही बाई आहे), आणि दिवस त्याचा, रात्र तिची अशी वाटणी होते. स्त्री-पुरुषांत फारशी उतरंड नसलेल्या समाजाला शोभेल अशीच ही तडजोड. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की आग्टांच्या ज्या वस्त्यांत कसलेले कथेकरी जास्त, तिथे लोक वाटून घ्यायलाही जास्त राजी होते. कुणाच्या शेजारी राहायला आवडेल असं विचारल्यावर पसंती चांगल्या शिकाऱ्यापेक्षा चांगल्या कथेकऱ्याला मिळाली. कथा तिथे ‘आपण असे वागतो’ हे एकमेकांना कळवण्याचं साधन आहे.

‘आपण’ हा शब्द मात्र जपून वापरावा. फिनलंड रशियाच्या अमलाखाली असताना एलियास ल्योनरूट या डॉक्टराने लोकगीतं गोळा करून, स्वतःच्या हाताने टाके घालून ‘कालेवाला’ हे महाकाव्य रचलं. ते १८३५ साली आणि मग वाढवून १८४९ साली निघालं. फिन्निश अस्मितेचा तो पाया ठरला. पण त्यातली पुष्कळ गीतं त्याला मिळाली ती फिनलंडच्या सरहद्दीपलीकडे, रशियाच्या कारेलिया भागातल्या खेड्यांत. गाणाऱ्या त्या म्हाताऱ्यांना आपण एका राष्ट्राची ओळख गातोय याची कल्पनाही नसावी. त्यातले टाके ल्योनरूटचे कुठले आणि गाणाऱ्यांचे शब्द कुठले, हे आज वेगळं काढता येतं, कारण गायकांच्या तोंडून उतरवून घेतलेली गीतं, अडखळण्या-विसंगतींसकट, वेगळी जपलेली आहेत.