पहिल्या घराची सबसिडी आणि मुंबईचा भाव

२०१८ साली माझ्या मावसभावाने बदलापूरला वन बीएचके घेतला. बुकिंगच्या दिवशी मी त्याच्याबरोबर होतो. सेल्स ऑफिसातल्या मुलीने खर्चाचा कागद पुढे सरकवला. वर फ्लॅटची किंमत, मग स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, जीएसटी, सोसायटीचे डिपॉझिट आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत ‘पीएमएवाय सबसिडी वजा २ लाख ६७ हजार’. पीएमएवाय म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना. बँकेत अजून कर्जाची फाईलसुद्धा उघडली नव्हती, पण बिल्डरच्या हिशेबात सबसिडी जमा झाली होती. भावाने दर थोडा उतरवायला सांगितला, तेव्हा उत्तर आले, “सर, सरकार देतंयच की पावणेतीन लाख.”

ते वाक्य तेव्हापासून डोक्यात आहे. पहिले घर घेणाऱ्याला सरकार जे देते, त्यातले त्याच्याकडे किती राहते आणि भावात मुरून विकणाऱ्याकडे किती जाते, हा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात आला होता. मुंबईत तो समजून घ्यायचा तर बरेच मागे जावे लागते. कारण घर विकत घेणाऱ्याच्या हातात पैसे ठेवणे ही इथे सरकारी मदतीची अगदी अलीकडची तऱ्हा आहे.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे काम रस्ते रुंद करण्याचे, दाट वस्ती मोकळी करण्याचे आणि दादर-माटुंग्यासारख्या भागात नवे प्लॉट पाडण्याचे होते. १९२० च्या दशकात डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या केल्या. आपण ज्यांना बीडीडी चाळी म्हणतो त्या याच. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. त्या घरांबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या, पण सरकारी पैशातून शहरात प्रत्यक्ष खोल्या वाढल्या. मदत विटा-सिमेंटच्या रूपात आली होती. ती कुणाला भावात चढवून खाता येत नव्हती.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मात्र वेगळे वळण घेतले. भाडे १९४० च्या पातळीवर गोठवले गेले. युद्धानंतरच्या आणि फाळणीनंतरच्या गर्दीत भाडेकरूंना तो मोठाच आधार होता, आणि गिरगाव, लालबाग, परळमधली हजारो मराठी कुटुंबे त्यामुळेच शहरात टिकली. पण पुढे झाले काय? खोली सोडणारा भाडेकरू नव्या भाडेकरूकडून पागडी घेऊ लागला आणि त्यातला वाटा मालकाला जाऊ लागला. महिन्याला मिळणारी भाड्याची सवलत पुढची अनेक वर्षे चालणार, म्हणून त्या सगळ्या वर्षांची सवलत नवा माणूस आधीच एकरकमी मोजू लागला. सवलत कागदावर तशीच राहिली, फक्त ती मिळवण्यासाठी आता पैसे पडू लागले. सरकारी मदतीचा बाजारभाव कसा होतो, याचा मुंबईने घेतलेला हा पहिला मोठा अनुभव. माझ्या मते नंतरच्या प्रत्येक योजनेकडे पागडी आठवूनच पाहायला हवे. त्या कायद्यामुळे भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधणेही परवडेनासे झाले. घर हवे असेल तर विकतच घ्यायचे, ही मुंबईची सवय तिथून पक्की होत गेली.

याच काळात गृहनिर्माण मंडळही काम करत होते. विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूरचे टिळक नगर, घाटकोपरचे पंत नगर, काळाचौकीचे अभ्युदय नगर या मंडळाच्या वसाहती. १९७७ मध्ये म्हाडा आली आणि मंडळाचा कारभार तिच्याकडे गेला. पुढे लॉटरी सुरू झाली तेव्हा तिच्यातही अर्जदाराचे स्वतःचे घर नसावे ही अट होती. म्हणजे पहिल्या घराला मदत हा विचार इथे जुनाच आहे. मात्र म्हाडा पैसे देत नाही, घर देते. त्यामुळे आजूबाजूचे भाव चढण्याचा धोका कमी. अडचण एवढीच की घरे थोडी आणि अर्ज अफाट.

सत्तरच्या दशकात दोन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. श्रीमंतांकडची जादा जमीन घेऊन तिच्यावर गरिबांसाठी घरे बांधावीत हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात खटले आणि सवलतींचे अर्ज यांत ती जमीन अडकून पडली आणि शहराच्या बाजाराबाहेर राहिली. महाराष्ट्राने हा कायदा २००७ मध्ये रद्द केला. एफएसआयची, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल याची, मर्यादाही होतीच: बेटावरच्या शहरात १.३३, उपनगरांत १. दुसरीकडे, १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली आणि पगारदार माणसाला घरासाठी कर्ज मिळू लागले. कर्जाची वाट रुंद होत गेली, जमिनीची अरुंदच राहिली. पुढच्या सगळ्या सवलती याच दोन वाटांच्या मधल्या फटीत पडल्या.

त्या सवलती बहुतांशी करातून आल्या. स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट पूर्वी वर्षाला ३० हजार होती. १९९९ ते २००१ या तीन अर्थसंकल्पांत ती ७५ हजार, १ लाख आणि दीड लाख अशी चढली. २०१४ मध्ये २ लाख झाली. आधीच्या त्या तीन वाढींच्या सुमारास, म्हणजे २००० नंतर, गृहकर्जाचे व्याजही दोन आकड्यांवरून खाली आले. दोन्ही मिळून ज्याला ५ लाखांचे कर्ज झेपत होते त्याला ८ लाखांचे झेपू लागले. हे गणित बिल्डरलाही येत होते. पुढच्या काही वर्षांत मुंबईत भाव ज्या वेगाने वाढले त्याला नोकऱ्या, शेअर बाजार, परदेशी पैसा अशी बरीच कारणे होती, आणि सगळा दोष करसवलतीवर टाकणे चूक ठरेल. पण गिऱ्हाइकाची ऐपत वाढली आणि जमीन तेवढीच राहिली, तर वाढलेली ऐपत जमिनीच्या मालकाकडे वाहते, हे नाकारता येत नाही.

‘पहिले घर’ ही अट प्राप्तिकरात ठळकपणे आली ती २०१३ मध्ये, कलम ८०ईई मधून. कर्ज २५ लाखांपर्यंत, घर ४० लाखांपर्यंत, तर १ लाखाची जादा वजावट. ४० लाखांत मुंबई महापालिकेच्या हद्दीत कुटुंबाला पुरेल असे घर तेव्हाही मिळणे कठीण होते. २०१९ च्या ८०ईईए कलमाने ती मर्यादा ४५ लाखांवर नेली. त्याच वर्षी जीएसटीतही ४५ लाखांची रेघ ओढली गेली: चटईक्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. अशी रेघ आली की घरे तिच्या अलीकडे बसवली जातात. दर तोच ठेवून हॉल थोडा आखडायचा, की किंमत रेघेच्या आत. खरेदीदाराला करात सूट मिळते आणि राहायला जागा कमी मिळते.

२०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली आणि तिच्यात व्याजावर सबसिडी. कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे ही अट. वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर जास्तीत जास्त २.६७ लाख, ६ ते १२ लाखांना २.३५ लाख, १२ ते १८ लाखांना २.३० लाख. रक्कम थेट कर्जखात्यात, मुद्दलातून वजा. मुंबईत दर २५ हजार रुपये चौरस फूट धरला तर २.३५ लाखांत जेमतेम साडेनऊ चौरस फूट येतात, म्हणजे एक मोरी. एवढ्या मदतीने मुंबईचा भाव हलणार नाही आणि माणसाला घरही मिळणार नाही. बदलापूर, टिटवाळा, नालासोपाऱ्यात मात्र २५-३० लाखांच्या घरात हीच रक्कम आठ-नऊ टक्के भरते. तिथेच ती खर्चाच्या कागदावर छापून आली.

अशा मदतीचा भावावर काय परिणाम होतो याचा सगळ्यात बारकाईने अभ्यास झाला तो इंग्लंडमध्ये. तिथे २०१३ पासून ‘हेल्प टू बाय’ योजनेत नव्या घराच्या किमतीच्या २० टक्के रक्कम सरकार कर्जाऊ देत असे, आणि लंडनसाठी २०१६ मध्ये ती ४० टक्के केली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी ग्रेटर लंडनच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंची घरे तपासली. जास्त मदत असलेल्या लंडनच्या बाजूला भाव चढले, बांधकाम वाढले नाही. वेल्सच्या सीमेवर, जिथे बांधायला जागा होती आणि इंग्लंडच्या बाजूची मदत जास्त महाग घरांनाही लागू होती, तिथे बांधकाम वाढले आणि भाव जागेवर राहिले. मदत एकाच प्रकारची, पण तिचे काय होणार ते जमिनीने ठरवले. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली: या योजनेतल्या सुमारे तीनपंचमांश खरेदीदारांना मदतीशिवायही घर घेता आले असते.

हे आपल्याकडे लावून पाहिले तर मुंबई लंडनच्या बाजूला आहे. कल्याणच्या पलीकडचा पट्टा काहीसा वेल्सच्या सीमेसारखा. तिथे शेजारी शेजारी दहा टॉवर चढत असतात, म्हणून एकट्या बिल्डरला भाव फार ताणता येत नाही. पण दर कमी करायचे टाळता येते, आणि माझ्या मावसभावाच्या वाट्याला तेच आले.

२०२० ची स्टॅम्प ड्युटी कपात हे वेगळे प्रकरण. करोनात बाजार ठप्प होता. राज्य सरकारने १ सप्टेंबरपासून मुंबईत ड्युटी ५ टक्क्यांवरून २ टक्के केली, आणि जानेवारी ते मार्च २०२१ साठी ३ टक्के ठेवली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत १९ हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले. न विकलेली घरे ढिगाने पडून होती, त्यामुळे त्या महिन्यांत सूट बऱ्यापैकी खरेदीदाराकडेच राहिली असे मला वाटते. पण ती पहिल्या घरासाठी नव्हती. १ कोटीच्या घराला ३ लाख वाचले, १० कोटींच्या घराला ३० लाख.

सध्या सप्टेंबर २०२४ पासूनची आवास योजना २.० चालू आहे. सबसिडी १.८० लाखांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. उत्पन्न ९ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. आणि या वेळी घराच्या किमतीलाच मर्यादा आहे: ३५ लाख. आधीच्या सबसिडीला ही अट नव्हती, म्हणून तिच्यातून मुंबईत निदान एक मोरी तरी येत होती. आता लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून निघणाऱ्या जोडप्याला सरकारी मदत हवी असेल, तर घराचा शोध अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूला किंवा वसई-विरारच्या पुढेच सुरू करावा लागतो.